काटा

देवगड बंदरात पहाटे साडेचारला मी काटा पुसते.
स्टीलचा, चपटा. आकडे हिरवे उमटतात.
पाठीवर तिकडची अक्षरं,
वाचता येत नाहीत, पण खवले काढताना
नखाला ओळखीची झालीत.

बाबलकाका आधी त्यावर नांगराचा दगड ठेवतो.
आजोबापासूनचा दगड, सात किलो दोनशे.
काटा म्हणतो, सात किलो दोनशे.
"खरो हा," काका पुटपुटतो,
आणि रोज त्याला थोडं वाईट वाटतं.

बासष्ट साली तो बर्फात होता.
डाव्या पायाची दोन बोटं तिकडेच राहिली.
बंदरावरच्या बर्फाच्या गाडीपासून
तो अजून चार हात लांब चालतो.
मी एकदा विचारलं, बळे त्यांनाच विकतो आपण, चालतं तुला?
जाळ्याची गाठ दातात धरून म्हणाला,
"बोटां थंडीन खाल्ल्यान, तेंनी नाय.
दार उगडा ठेव.
पन कडी खंय हा, ता इसरा नको."

इथे बळ्याला कोण विचारतं?
सुरमई गेली, पापलेट गेलं की उरतो तो चांदीचा पट्टा.
फँगसाहेब आला आणि पट्ट्याला भाव आला.
येसू तारीच्या घरावर त्या भावाने पत्रे चढले,
माझ्या लेकीची नर्सिंगची फी त्याच भावाने भरली.
हे लिहायला मला लाज नाही.

दोन वर्षांमागे तो इथे आला होता,
बूट हातात घेऊन, पँट गुडघ्यापर्यंत.
सोलकढी प्यायला, डोळे मिटले, आणखी मागितली.
मुलीचा फोटो दाखवला, दात पडलेली, हसणारी.
जाताना चहाचा डबा देऊन गेला.
आता त्यात मी पावत्या ठेवते.

मग माघात सत्तावीस टन त्यांच्या धक्क्यावर अडकले.
लेबलावर एक अक्षर चुकलं, म्हणे.
त्याच आठवड्यात टीव्हीवर डोंगर होते,
नकाशे होते, ओरडणारी माणसं होती.
एकोणीस दिवस.
विजेचं बिल आमचं, व्याज आमचं,
आणि भाव उतरला तोही आमचाच.
फँगसाहेबाने निरोप पाठवला,
फोनने त्याचं मराठी केलं:
समुद्र रागावला नाही, फक्त कागद रागावला आहे.
मी तो तीनदा वाचला.
माणूस खरं बोलत होता बहुतेक.
पण कागद त्याच्या हातात नव्हता,
आणि कागद ज्यांच्या हातात
ते सोलकढी प्यायला येत नाहीत.

सासरे युनियनचे. पेटीत त्यांचा बिल्ला आहे,
विळा-हातोडा, लाल रंग उडालेला.
म्हणायचे, तिकडे कामकऱ्याचं राज्य आलं.
असेल.
भाव पाडताना मात्र ते राज्य
आमच्या वाडीतल्या सावकारासारखंच
आधी गप्प बसतं.

रात्री खोल पाण्यात दिव्यांच्या बोटी उभ्या राहतात,
दर्यात दुसरं बंदर वसल्यासारख्या.
दिवेही तिकडचेच.
मासळी उजेडाला येते, पिल्लंसुद्धा.
दिवे लावणारे मात्र आपले,
हे काका बोलत नाही, मीही बोलत नाही.

"गिरायक म्हंजे सोयरो न्हय गो," येसू सांगते.
मग वैर?
"वैरी रोख देता काय?"
आणि हसते, तंबाखूचे दात दाखवत,
टोपली माझ्याकडे सरकवते.

टोपलीचं वजन वजा करायचं असतं.
बर्फाचंही, निथळणाऱ्या पाण्याचंही.
मग उरते ती मासळी.
फँगसाहेबाचा चहा कुठल्या बाजूला धरायचा,
एवढंच मला अजून ठरवता येत नाही.

काल नवी ऑर्डर आली. दहा टन.
मी हो म्हटलं. आगाऊ अर्धे मागितले,
पहिल्यांदाच.
तिकडून बराच वेळ काही आलं नाही,
मग मुलीचा फोटो आला. दात उगवलेत.
मग पैसेही आले, अर्धे नाही, तिसरा हिस्सा.

आता उजाडतंय.
काट्यावर काही नाही,
तरी खाऱ्या वाऱ्याने आकडा हलतो:
वीस ग्रॅम, शून्य, वीस ग्रॅम.
काका दगड उचलून उभा आहे.