बारा किल्ल्यांची ऑर्डर

यादी जुलैत आली, ऑर्डर ऑगस्टात:
भिंतीवर टांगायचे बारा किल्ले, दोनशे नग,
रंग टिकाऊ, दिवाळीच्या आत.

साखर पेठेत मल्लेशम येमूल
जकार्डच्या पत्त्यांना भोकं पाडतो.
भोक म्हणजे धागा वर,
कोरं म्हणजे धागा खाली.
एवढ्या दोनच अक्षरांत
राजगडाचा बालेकिल्ला लिहायचाय त्याला.

साल्हेर उंच, पत्ते संपेनात.
सुवर्णदुर्गाच्या लाटा दोनदा उसवल्या;
समुद्र त्यानं पाहिलाय तो कॅलेंडरवर.
जिंजीचा फोटो मात्र हातात धरून म्हणाला,
"हा आमच्या बाजूचा."
मग जरा थांबून, "म्हणजे, त्या वाटेवरचा."

दुपारी डबा घेऊन तो भुईकोटात जातो.
इथं चढ नाही, धाप नाही,
ढगात शिरलेलं टोक नाही.
बसल्या बैलासारखा काळा तट,
तटात कुण्या देवळाचा खांब आडवा चिणलेला,
खंदकापलीकडून रिक्षांचे हॉर्न.
भाकरीवर शेंगाचटणी, तेलाचे दोन थेंब.
मुंग्यांना कडेचा तुकडा.

परवा पहिला नग मागावरून उतरला.
शेठनं चष्मा कपाळावर सरकवून बारा मोजले,
मग बोट खालच्या कडेवर आलं:
काळ्या सुताच्या चर्या, एकीला एक लागून,
मधेच एक ढासळलेली.

"हे कुठलं? नकाशात नव्हतं."

मल्लेशम धाग्याचं टोक दातानं तोडत होता.
"काठ आहे, शेठ.
काठ नको का?"