धाव

माझा शाळेचा झगा नेहमी वाढत्या अंगाचा.
पाचवीत शिवला की सातवी काढायचा,
खाली दुमडलेली चार बोटं दर जूनमध्ये थोडी थोडी उसवत.

चाकाची धाव मात्र आबा घेरापेक्षा कमी घ्यायचे.
सुतळीनं चाक मोजायचे, सुतळीला गाठ मारायचे,
पट्टीवर गाठीच्या अलीकडे दोन बोटं,
तिथं छिन्नी.
"कमी पडेल," मी म्हणायची.
"कमीच पडाले पाहिजे."

अमळनेरच्या खालच्या अंगाला, बोरीच्या कोरड्या पात्रात
गोवऱ्यांचं कडं रचायचं, त्यात लोखंडाचं कडं.
लाल झालं की लोखंड ऐसपैस होतं,
तेवढ्यापुरतं.
मग तिघे तीन चिमट्यांनी उचलणार,
"आली, आली, सरक" असं ओरडणार,
चाकावर पडताच लाकूड पेट घेणार
आणि आई घागर उपडी करणार.
वाफेत कुणी कुणाला दिसायचं नाही.
फक्त आवाज यायचा, चाकाच्या आतून, करकर,
आरे तुंब्यात, पुठे आऱ्यांवर,
सगळं एकमेकांत रेटून बसलेलं
वऱ्हाडाच्या ट्रकसारखं.

पुढे आबा भुसावळला लागले, लोको शेडात.
तिथं चाक माणसाच्या खांद्याइतकं
आणि धावेला टायर म्हणत.
पिंटो फोरमननं विचारलं, हे काम पाहिलंय कधी?
उखा मिस्तरींनी आजूबाजूला बघितलं:
"गोवऱ्या कुठं?"
हसण्यानं पत्रे वाजले म्हणे.
पण रीत तीच निघाली,
माप कमी, मध्ये आग, मग थंड होईतो गप्प उभं राहायचं.
पहिल्या पगाराचं पत्र त्यांनी दुसऱ्याकडून लिहवून घेतलं,
त्यात खुशालीच्याही आधी हे:
इंजिन बी गाडंच शे.

मी इंग्रजी घेऊन बी. ए. झाले.
जळगावात रद्दीच्या ढिगातून एक कोश उचलला,
कणा मोडलेला, 'क्ष'पर्यंत वाळवी लागलेल्या
मराठी व्याकरणाच्या शेजारी पडलेला.
त्यात टायर काढला.
मूळ अर्थ: पेहराव.
फ्रेंचांकडून नटूनथटून आलेला शब्द,
वाटेत पहिलं अक्षर गळालं,
उरलं ते कुणीतरी चाकाच्या अंगावर घातलं.
म्हणजे त्यांच्या गाडीवानाला वाटलं असणार,
उघडं लाकूड, खडी, चिखल,
काहीतरी नेसवावं.

त्याच स्पेलिंगचा दुसरा शब्द खालीच होता:
थकणं.
त्याचं मूळ अज्ञात, असं कोशकारानं कबूल केलेलं.
कशालाही मूळ सापडवणारी ही माणसं
थकण्यापाशी हात टेकतात,
हे मला आवडलं. पान दुमडून ठेवलं.

सुट्टीत आबांना सांगितलं.
रिटायर होऊन वर्ष झालेलं, ओट्यावर बसून
गुडघ्यांना तेल चोळत होते.
"चाकले बी कपडा लागस का?"
बराच वेळ चोळत राहिले. मग म्हणाले,
"त्यासनी कपडा देखा. आपन धाव देखी."
दुसरा शब्द मी सांगितला नाही.

आता गावात सगळ्या गाड्या डनलॉपच्या.
पूर्वी अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं
खडीवरून कुणाची गाडी चालली आहे,
कुणाची धाव सैल झाली आहे.
रबर काही सांगत नाही.
आबा म्हणतात, त्याला आग नको, हवा पुरते,
आणि हवा भरायला कुणीही चालतं.

काम नसलं की ते गोल असेल ते मोजत बसतात:
रांजण, जात्याची तळी, विहिरीचा कठडा.
परवा माझ्या मुलाची कंबर मोजली, चड्डीसाठी.
सुतळीला गाठ मारली,
सवयीनं अलीकडे दोन बोटं सरकून दुसरी गाठ,
आणि शिंप्याकडे द्यायला आईच्या हातात ठेवली.

आईनं दारातच दोन्ही गाठी सोडल्या.
पहिली जिथं होती तिथली सुरकुती बोटांनी चाचपली
आणि तिच्या पलीकडे
चार बोटं मोजून
नवी बांधली.