पोटात ठेवलेलं

रात्री सव्वातीन.
फरशी बर्फासारखी, मांडीवर फोन,
फोनच्या उजेडात गुडघे निळे.
"आज किती?"
"अकरा."
"रक्त?"
"थोडं. तुला?"
आमच्यात नमस्कार-चमत्कार नसतात.

लिमा, ओसाका, कुठलंसं विनिपेग,
जगात कुठे ना कुठे कुणीतरी
याच आसनावर बसलेलं असतंच.
इथे माझं नाव रिकामी होडी.
त्याचं, एडर बदक.
आतड्यांचे फोटो आम्ही एकमेकांना दाखवतो,
लोक नातवंडांचे दाखवतात तसे.

दुसऱ्या खात्यावर मी ब्यार्ता, खऱ्या नावाची,
मासळीच्या कारखान्यातली,
फेरो बेटांवरच्या या गावात सगळ्यांच्या ओळखीची.
तिथे मेंढ्या, कडे, उन्हाचा एखादा तुकडा,
आणि भाचीच्या बारशाला
रुबार्बच्या केकसमोर हसणारी मी.
एकशे नव्वद बदाम.
केकला मी हात लावला नव्हता.
फोटोत ते कळत नाही.
मावशीनं खाली लिहिलं,
किती बारीक झालीस, छान दिसतेस!

या गावात कुणाच्या पोटात काही राहत नाही.
कुणी बोट विकली,
कोण पहाटे कुणाच्या दारातून निघालं,
दुपारपर्यंत सगळं चर्चच्या पायरीवर.
माझ्या पोटात तर अक्षरशः काही राहत नाही,
ही एक गोष्ट सोडून.
आठ वर्षं.

फेब्रुवारीत एका रात्री त्यानं लिहिलं,
"धुकं. भोंगा थांबतच नाही."
मी खिडकी उघडली नाही. गरज नव्हती.
भोंगा माझ्याही भिंतीतून येत होता,
तोच, शेवटी जरा घोगरा होणारा,
लहानपणी ज्याला आम्ही म्हातारी गाय म्हणायचो.
मी "इथेही" लिहिलं.
पुसलं.
धुक्यात खाडीपलीकडचे दिवे दिसत नव्हते,
ते बरंच झालं.

मग मी माणसं न्याहाळू लागले.
दुकानात कोण नुसता पांढरा पाव घेतं,
प्रार्थनेला कोण दाराजवळची जागा धरतं,
कोण सुकवलेलं मटण ताटात इकडून तिकडे सरकवत राहतं.

मंगळवारी इस्पितळात जायचं होतं.
फेरीबोटीवर हानुस,
दोरखंड सांभाळणारा, उंच, अबोल,
माझ्याकडे न बघता
शेजारच्या बाकावर संडासाची किल्ली ठेवून गेला.
मी मागितली नव्हती.
किल्ली उबदार होती,
आत्ताच कुणाच्या मुठीतून सुटल्यासारखी.
उतरताना मीही ती तशीच ठेवली.
वर पाहिलं नाही.
असेल, नसेल.

रात्री सव्वातीन.
"आज किती?"
"नऊ."
"वा!"
बऱ्याच वेळानं मी विचारलं,
"रुबार्ब चालतो तुला?"
तीन ठिपके आले, गेले, परत आले.
"नाही.
पण आईनं केक केला की खातो.
मग भोगतो."