क्लॅरिनेटवाल्याचा ओठ

मल्हारगंजातल्या बँडमधला नंदराम बैरागी.
खालचा ओठ उलटून दाखवला त्यानं
रिकाम्या खिशाचं अस्तर दाखवावं तसा.
आत एक टपोरं जांभूळ.
"तीन लग्नसराया झाल्या, मॅडम. दुखत नाही.
फक्त रीडखाली ओठ दुमडतो ना,
तिथंच येऊन बसलंय."

बायको दाराशी उभी,
मुठीत गुटख्याची रिकामी पुडी,
पुरावा म्हणून घरून आणलेली.

ज्युनियर ब्लेड शोधू लागला.
म्हटलं, थांब. आधी काच.
काचपट्टी दाबली की नुसतं रक्त असेल तर पळतं,
हात काढला की परत येतं.
हे थोडं पळालं. बाकीचं बसून राहिलं.
बोटाखाली ठोका नाही.
बारीक सुईत दोन थेंब, तेवढेच.

सर्जननं आख्खी गाठ अलगद काढली.
फॉर्मॅलिनच्या बाटलीत ती लगेच राखाडी पडली.
जांभळेपणा तिचा नव्हताच, उसना होता.

भिंगाखाली
चिरांएवढ्या बारीक रक्तवाहिन्या,
आणि त्यांच्याभोवती भोवरे घेत
लांबट पेशी, केंद्रकांची टोकं बोथट.
कुठे विभाजनाची घाई नाही,
कुणाच्या हद्दीत घुसणं नाही.
पण ह्या स्नायूच्या, की मज्जातंतूच्या?
तोंडओळखीवर मी सही करत नाही.

खास रंगाची बाटली भोपाळहून यायला नऊ दिवस लागले.
नऊही दिवस, बरोबर चारला, बायकोचा फोन.
"आली का चिठ्ठी?"
मी "नाही" म्हणायचे. ती "बरं" म्हणायची
आणि फोन ठेवायची नाही.
मागं कुणीतरी ढोल ताणत असायचं.

दहाव्या दिवशी भोवरे तपकिरी झाले.
स्नायूच.
अँजिओलिओमायोमा. सौम्य.
तोंडात हा मला बावीस वर्षांत दुसऱ्यांदा भेटला.

नंदरामनं तो शब्द दोनदा म्हणून पाहिला,
तिसऱ्यांदा बोटांनी टेबलावर मोजत.
"नाव तर एखाद्या बाजाचं वाटतं, मॅडम."
म्हटलं, रक्ताच्या नळीची भिंत
नको तिथं जरा जास्त वाढली, एवढंच.
"आमच्यात पण असतो एकेक," तो म्हणाला,
"वाजवतो कमी, जागा फार घेतो."

टाका पडलेला ओठ मिटून
तो हसायचा प्रयत्न करत होता.
बायको मात्र हसली नाही.
तिनं पुडी माझ्यासमोर ठेवली.
"मग हे? हे कशात लिहाल?"

रिपोर्टात त्याला रकाना नाही.
मी चष्मा काढला
आणि त्याला तोंडानं सांगायला लागले.