चोवीस तास

ऑइल चेंबर खाली उतरवला तेव्हा
जुन्या सिलिकॉनची काळी किनार
कडेकडेने तशीच चिकटून होती,
अकरा वर्षांची.
ओम्नी चुरीबाईंची. कलिन्यातली निम्मी पोरं
हिच्यातूनच शाळेत गेली,
काही आता कॉलेजात आहेत, काही दुबईत.

ब्लेड घेतलं, खरवडायला बसलो.
सगळ्यात कंटाळवाणं काम हे,
आणि खरं काम हेच, असं झुजे मिस्त्री म्हणायचा.
तेलाचा एक थेंब राहिला
तर वरचं सगळं नाटक.
लावशील, सुकेल, छान दिसेल,
आणि पंधरा दिवसांत
गिऱ्हाइकाच्या लादीवर नकाशा.

चौथ्या बोल्टपाशी हात थांबला.
किनार तिथे जरा जास्त बाहेर आलेली
आणि तिच्यावर
अंगठा.
रेघन् रेघ उमटलेली, मधून आडवा व्रण,
फियाटच्या पंख्याने कापलेला,
ज्याची गोष्ट तो दर नव्या पोराला
नव्याने सांगे.

हात लावू नकोस, म्हणायचा.
वरून साय धरते, आत ओलंच असतं.
चोवीस तास म्हणजे चोवीस तास,
गिऱ्हाईक रडलं तरी, पाया पडलं तरी.
बोट लावताना पकडलं म्हणून
मला पान्याने हाणलं होतं एकदा.
आणि स्वतः?
कधी लावलास रे?
मी चहा आणायला गेलो होतो तेव्हा?

तीन वर्षं झाली, चर्चमागे आहे तो.

खरवडला. इलाज नव्हता,
त्यानेच तसं शिकवलेलं.
काळे तुकडे लादीवर पडले,
त्यातला अंगठा कुठला ते कळेना.
वरून थिनरचा बोळा फिरवला.

नवी ट्यूब, नोझल तिरकं कापलेलं.
बोल्टच्या भोकांच्या आतून एकच धार,
न तोडता,
जिथून निघाली तिथेच आणून मिळवली.
व्हिनेगरचा वास सुटला,
समोरच्या चायनीजवाल्याचा आणि आमचा एकच.
चेंबर वर धरला, बोल्ट नुसते बोटांनी फिरवले.
तासाभराने पाव फेरा, जास्त नाही.
रागाने आवळलं तर सगळं बाहेर येतं,
आत धरून ठेवायला काही उरत नाही.
(हे तो लग्नाबद्दलही सांगायचा.
त्याचं टिकलं नाही.)

तेवढ्यात फोन.
उद्या सकाळी मिळेल ना गाडी?
उद्या रात्री.
अरे पण सकाळची पोरं?
रिक्षा बघा.
सात पोरं, सात दप्तरं, रिक्षा बघा म्हणे!
दोन बघा मग.
चुरीबाई माझ्या आईच्या वयाच्या आहेत.
फोन ठेवल्यावर
मीच जरा वेळ गप्प बसलो.

इथल्या हवेने आमच्या शटरची खालची पट्टी खाल्ली,
पान्यांच्या पेटीची कडी खाल्ली,
मिठीकडून येते, दमट, अंगाला चिकटणारी,
लोखंडाला सोसत नाही.
पण सिलिकॉनला हीच लागते.
हवेतली ओल पिऊन पिऊन ते सुकतं.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा
मला थाप वाटली होती.

डोक्यावरून विमान उतरलं, चाकं काढून.
सुफियान उकिडवा बसून गाडीखाली बघतोय.
सतरा वर्षांचा आहे, त्याला सगळं आजच हवं.
झालं, भाई?
नाही.
आता?
पुठ्ठ्यावर थोडी धार काढून ठेवली आहे,
ती दाबून बघ, म्हटलं.
गाडीला हात लावू नकोस.
माझा आवाज मलाच ओळखीचा वाटला,
पण माझा नाही.

पाव फेरा दिला. शटर अर्धं ओढलं.
सुफियानला म्हटलं, तू हो पुढे,
दहाचा पाना खाली राहिलाय,
आणि पाठीवर सरकत
परत गाडीखाली गेलो.

पाना खिशातच होता.