ठोकून पाहणे

चिलोएच्या या टोकाला आमचं चर्च,
त्यात एकही खिळा नाही.
बांधलं तेव्हा बेटावर लोखंड मिळत नव्हतं, एवढंच कारण;
पण बेलिसारिओ म्हणायचा,
त्या एकाला ठोकले तेवढे पुरे झाले.
लाकडात लाकडाची मेख, नि भोक जरासं तिरकं.

आता बेलिसारिओ बोलत नाही.
मार्चमध्ये, बटाटे काढता काढता
त्याची उजवी बाजू गेली
आणि जीभही तिच्यामागून.
कास्त्रोच्या दवाखान्यातून बोटीने परत आणला
तेव्हा ओहोटी होती.
चौघांनी चिखलातून उचलून आणला,
निखळलेल्या दारासारखा, आडवा.

मी फार मागितलं नव्हतं.
बरा कर, असंही पहिल्या आठवड्यानंतर म्हटलं नाही.
म्हटलं, प्रभू, नुसतं समजू दे.
शहाणपण दे, चमचाभर,
त्याच्या ओठांतून ओघळतं त्या सुपाइतकं तरी.
रोज पहाटे चूल पेटवताना म्हटलं.
लाकूड ओलं. धूर डोळ्यांत.
तेवढंच उत्तर.

पाद्री वर्षातून दोनदा येतो;
एरवी प्रार्थना चालवतो म्हातारा एर्मोहेनेस.
तो म्हणाला, देवाची काही योजना असेल, ओतिलिया.
मी त्याच्या हातात शिंपल्यांची पिशवी दिली नि दार लावलं.
योजना!
चाळीस वर्षं सुताराच्या घरचा भुसा झाडलाय मी.
आराखडा कसा असतो, मला दाखवू नका.

जुलैत उत्तरेच्या वाऱ्याने
चर्चचा डावा खांब कण्हायला लागला.
एर्मोहेनेस पुन्हा दारात, टोपी हातात.
बदलायचा की राहू द्यायचा, सांगणार कोण?
मी बेलिसारिओला विचारलं,
मोठ्याने, बहिऱ्याला विचारावं तसं.
बहिरा नाही तो. मला माहीत आहे.

बराच वेळ छताकडे बघत राहिला.
मग डावा हात हलला. मग बोटाचं पेर
पलंगाच्या फळीवर:
टक्.
वीतभर पुढे: टक्.
आणि उशीजवळ, जिथे छपराचं पाणी मुरायचं:
ठप्प.
माझ्याकडे पाहिलं.
पुन्हा पहिल्यापासून.

त्याचा मोगरा घेऊन गेले.
गुडघ्यांवर बसले, कारण कूज खालूनच चढते.
कान खांबाला. खांब गार, जुन्या मेणाचा वास.
प्रार्थना नव्हती ती. एक शब्दही नव्हता माझ्याकडे.
ठप्प. ठप्प. ठप्प.
टक्.
हातभरच सडलं होतं.
त्याच्या वर सगळं शाबूत,
माझ्या नातवंडांनाही पुरून उरेल असं.

रात्री सूप भरवताना सांगितलं, हातभरच.
तो अर्ध्या तोंडाने हसला,
सगळं सूप माझ्या बाहीवर.

का, ते अजून कळलेलं नाही, प्रभू.
पण तू ठोकतोस तेव्हा
मी हल्ली लगेच ओरडत नाही.
आवाज कुठून भरीव येतो
ते आधी ऐकते.

मग ओरडते.