एक इंच धार

फोन माझ्याच मोबाइलवर येतात.
बापूंना ऐकू कमी येतं,
ऐकायचं नसेल तेव्हा तर मुळीच नाही.

सकाळी दहाला गुरुग्रामहून, सतराव्या मजल्यावरून
मिसेस सभरवाल:
खंजीर पोचला, सुरेख आहे,
सोफ्यामागची भिंत मुद्दाम राखाडी करून घेतली त्याच्यासाठी,
पण पुसताना बोट कापलं.
तुम्ही तर लिहिलं होतं, धार नाही.

लिहिलं होतं. मीच लिहिते,
प्रत्येक खोक्यावर लाल पेनाने:
शोभेची वस्तू. धार नाही.
त्याशिवाय कुरियरचा पोऱ्या खोक्याला हात लावत नाही.
खाली पत्ता:
कजोडमल सिकलीगर, हाथीपोळ, उदयपूर.

आमच्याकडे लोखंडाला आधी ओरखडतात.
छिन्नीने आडवं, उभं, मग तिरपं,
इतकं दाट
की बोट फिरवावं तर मांजराची जीभ लागते.
हे काम सोसरबाईचं, म्हणजे माझ्या आईचं होतं.
तिचे डोळे गेले, आता माझं.
त्यावर बापू केसाएवढी चांदीची तार चिमट्यात धरून
वेल वळवत नेतात,
हातोडी मारत नाहीत, नुसती थोपटतात,
आणि तार ओरखड्यांत दात रोवून बसते.
डाख नाही, डिंक नाही.
मग भट्टी.
लोखंड पिवळं पडतं, जांभळं होतं,
आणि मोराच्या मानेवरचा निळा आला रे आला
की ओढायचं बाहेर.
शिंक आली तरी रंग गेला.
मग हकीकचा दगड. घासा. दुपारभर घासा.

शेवटी दिसते ती चांदी.
ओरखडे कुणाला दिसत नाहीत,
मिसेस सभरवालना तरी कुठून दिसणार.

बापूंच्या बापूंकडे दसऱ्याआधी तलवारींची रांग लागायची,
गल्लीच्या तोंडापर्यंत.
सिकलीगर म्हणजे धार लावणारा. बाकी वेल-बुट्टी वरकड.
आता वरकडच उरली:
पाकीट फोडायच्या सुऱ्या,
पानाचे डबे, ज्यांत लोक गाडीची किल्ली टाकतात,
हॉटेलांच्या लॉबीत ढालीमागे लावलेला पिवळा दिवा.
आणि हे खंजीर, बारा-बाराच्या खेपेने,
पट्टीसारखे बोथट.

जयपूरला जायची खेप कोपऱ्यात बांधून ठेवली होती.
सुतळी सोडली.
एकेक म्यानातून काढला, अंगठा फिरवला.
बोथट, बोथट, बोथट,
आणि मुठीपाशी, जिथे वेलीचं शेवटचं पान संपतं,
तिथे एक इंच
अंगठा आपसूक मागे आला.

बाराही.

तेव्हा कळलं, बापूंच्या डाव्या मनगटावर
केस नसलेला तो रुपयाएवढा चट्टा
भट्टीत भाजल्याचा नाही.
लहानपणापासून मी त्यावर लोणी लावत आले.

जवळ जाऊन मोठ्याने सांगितलं,
गुरुग्रामच्या बाईंचं बोट कापलं.
त्यांनी तार तोडली. तोंडातली सुपारी गालात सरकवली.
‘रक्त लगेच पुसलं का त्यांनी?’
मी गप्प.
‘नाहीतर गंज धरेल. तिळाचं तेल सांग. कापूस घेऊन, हलक्या हाताने.’
आणि पुन्हा चिमटा.

दुपारी फोन केला. नजरचूक झाली म्हटलं,
बदलून देते म्हटलं, पाठवायचा खर्च आमचा.
पलीकडे मिक्सर चालू होता, तो थांबला.
‘नको,’ त्या म्हणाल्या, ‘राहू दे.
सासूबाईंना हात लावू नका म्हणून सांगितलंय.’
मग जरा थांबून,
‘तेल कुठलं म्हणालात?’

संध्याकाळी बारा खोकी समोर घेऊन बसले.
शोभेची वस्तू, लिहिलं.
पुढे पेन थबकलं. लाल शाईचा ठिपका फुगत गेला.

जपून पुसावी.